गाठ साधी की घातक? डॉ. कमल रणदिवे यांची शोधयात्रा

विशी-पंचविशीतील एखाद्या मुलीला अंघोळ करताना स्तनात बोराएवढी गाठ हाताला लागते, तेव्हा तिच्या मनात पहिला शब्द येतो तो कर्करोग हाच. आईला सांगायचे की नाही, डॉक्टरांकडे जायचे की नाही, या विचारात अनेकदा आठवडे जातात, कधी महिनेही. वस्तुस्थिती मात्र अशी, की या वयात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तंतुमय ऊती आणि ग्रंथी यांच्या वाढीतून तयार होणारी फायब्रोअडेनोमा ही त्यांतील सर्वांत नेहमीची. ती गुळगुळीत असते, घट्ट असते आणि बोटाखालून सहज सटकते. या सटकण्यामुळेच इंग्रजी वैद्यकाने तिला 'स्तनातला उंदीर' असे टोपणनाव दिले आहे. परंतु ती खरोखरच निरुपद्रवी आहे, हे खात्रीने सांगायचे कोणी? हात लावून पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत कितीही अनुभवसिद्ध असले, तरी तो अंदाजच. निर्णय होतो तो प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या काचपट्टीवर.

त्या काचपट्टीवरील पेशी निरोगी कशा दिसतात, त्या बदलू केव्हा लागतात आणि का बदलतात, या प्रश्नासाठी ज्या शास्त्रज्ञ महिलेने उभे आयुष्य वेचले, ती मूळची पुण्याची. तिच्या प्रयोगशाळेतील उंदीर मात्र टोपणनावाचे नव्हते, खरेखुरे होते. डॉ. कमल रणदिवे यांचे नाव विज्ञानाच्या क्षेत्रात आदराने घेतले जाते. ज्या शहरात त्या जन्मल्या आणि शिकल्या, त्या शहरात ते तितकेसे घेतले जात नाही.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात कमल यांचा जन्म झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असत. आई शांताबाई. मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना उत्तम शिक्षण द्यायचे, असा वडिलांचा निश्चय होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती, त्या जागेवरील ही शाळा १८८४ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारकांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवण्याची गरजच काय, असा वाद या शाळेच्या निमित्ताने पुण्यात किती रंगला होता, हे सर्वश्रुत आहे. कमल समर्थ शाळेत गेल्या तोवर तो वाद बराचसा निवळला होता. पण मुलीने विज्ञान शिकून पुढे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे एकच होते. डॉक्टर व्हायचे.

वडिलांचीही इच्छा तीच होती. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि तिचा विवाहही डॉक्टरशीच व्हावा, असे त्यांना वाटे. कमल यांनी यांपैकी एकही गोष्ट केली नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. त्यानंतर पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात त्या पदव्युत्तर संशोधनाकडे वळल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. पुरंदरची सीताफळे पुणेकरांना नवी नाहीत. त्या फळाच्या कुळातील गुणसूत्रे मोजणे, त्यांचा आकार आणि जोड्या तपासणे हे काम मात्र विलक्षण चिकाटीचे. पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. कर्करोगाशी याचा वरवर काहीही संबंध नाही. परंतु पेशी पाहण्याची शिस्त, सामान्य काय आणि वेगळे काय हे ओळखण्याची नजर येथेच तयार झाली, असे म्हणायला हरकत नाही. पुढे ज्या विकाराचा शोध त्यांना घ्यायचा होता, तोही अखेर पेशींच्या वंशपरंपरेतील बिघाडच होता.

या शिक्षणाच्या दरम्यानच, १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह झाला. पती जे. टी. रणदिवे हे गणितज्ञ होते. विवाहानंतर शिक्षण थांबण्याचा तो काळ. येथे मात्र ते सुरूच राहिले. १९४३ साली कमल यांनी एम. एस्सी. पूर्ण केली. पतीची या कामी त्यांना मोठी साथ होती. मुंबईत बिऱ्हाड झाले आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना काम मिळाले.

परळची प्रयोगशाळा

टाटा स्मारक रुग्णालय तेव्हा अगदी नवे होते. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पाठोपाठ १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. झालेले खानोलकर हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. भारतात कर्करोग फारसा नसतोच, तो पाश्चात्त्यांचा रोग, असा समज त्या काळी डॉक्टरांमध्येही होता. खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदी आणि काचपट्ट्या यांच्या आधारे तो समज मोडीत काढण्यास मोठा हातभार लावला. तंबाखू, विडी, अगदी धोतराची घट्ट गाठ यांसारख्या सवयींचा कोणत्या अवयवाच्या कर्करोगाशी संबंध आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पारशी महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांच्या तुलनेत अधिक असल्याचे निरीक्षणही याच काळातले.

रुग्णालयातील विकृतिशास्त्राच्या विभागाचे महत्त्व समजून घ्यायचे, तर त्या काळातील शस्त्रक्रियागृहाची कल्पना केली पाहिजे. सोनोग्राफी नव्हती. सुईने पेशी काढून तपासण्याची पद्धत युरोप-अमेरिकेतही मोजक्याच ठिकाणी वापरली जात होती. स्तनात गाठ असलेल्या स्त्रीला भूल दिली जाई, गाठ काढून तिचा तुकडा गोठवला जाई आणि त्याचा पातळ छेद काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई. विकृतिशास्त्रज्ञाने साधी गाठ असे कळवले, तर टाके घालून रुग्णाला बाहेर आणले जाई. कर्करोग असे कळवले, तर त्याच भुलेत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढल्या जात. जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत १९७० च्या दशकापर्यंत हीच रीत होती. म्हणजे शुद्धीवर आल्यानंतर आपला स्तन जागेवर असेल की नसेल, हे ठाऊक नसतानाच स्त्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात असे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकत होती. साधी गाठ घातक समजली गेली, तर एका निरोगी तरुणीचे शरीर कायमचे जायबंदी होणार. घातक गाठ साधी समजली गेली, तर तिचा जीव जाणार. भारतात यात आणखी एक गुंता होता आणि आजही आहे. स्तनाचा क्षयरोग येथे आढळतो, आणि तो कधी कधी हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो.

अशा वातावरणात रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी काम सुरू केले. त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा विषय मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तो कर्करोगाचा नव्हताच. उंदरांचे काही वंश असे असतात, की त्यांतील माद्यांना मोठ्या प्रमाणावर स्तनाचा कर्करोग होतो. काही वंशांत तो क्वचितच दिसतो. अशा चार वंशांच्या उंदरांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. गाठ अजून उद्भवलेलीच नाही, त्या अवस्थेत या ग्रंथींमध्ये काही फरक दिसतो काय, असा हा प्रश्न होता. खानोलकर आणि रणदिवे यांचा या विषयावरील निबंध १९४७ साली विकृतिशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोगाच्या मागे धावण्याआधी निरोगी काय असते ते नीट पाहून घ्यायचे, ही त्यांची पद्धत पुढेही कायम राहिली. साध्या गाठीचे निदान करणारा विकृतिशास्त्रज्ञ नेमके हेच करत असतो. पेशी आपापल्या जागी आहेत काय, ग्रंथीच्या नळीला आतून दोन थरांचे अस्तर आहे काय, त्या शिस्त मोडून आजूबाजूला शिरलेल्या नाहीत ना, हे तो पाहतो. या पाहण्याला निरोगी ग्रंथीचे ज्ञान हाच पाया असतो.

१९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. खानोलकरांनी त्यांना परदेशी पाठ्यवृत्तीसाठी प्रोत्साहन दिले आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत पेशी वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. नळ्या बसवलेले पिंप ते संथपणे फिरवत ठेवीत, जेणेकरून पेशींना आळीपाळीने पोषक द्रव आणि हवा मिळावी. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कृष्णवर्णीय तरुणीच्या गाठीतील पेशी याच प्रयोगशाळेत अमर झाल्या. 'हेला' या नावाने त्या आजही जगभर वाढवल्या जातात. त्या पेशी घेताना लॅक्स यांची परवानगी घेतली गेली नव्हती, ही या कीर्तीची काळी बाजू.

उंदीर, दूध आणि संप्रेरके

परतल्यावर रणदिवे यांना परदेशातच स्थिरावण्याचा मोह झाला नाही, याची नोंद अनेकांनी कौतुकाने केली आहे. अधिक कौतुक करावे असे त्यांनी पुढे केलेले काम आहे. १९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे त्यांनी वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम सुरू केले आणि प्रायोगिक जीवशास्त्र तसेच ऊतिसंवर्धन यांच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. ऊतिसंवर्धन हे एखाद्या नाजूक बाळाला वाढवण्यासारखे काम. पोषक द्रव अचूक हवा, तापमान अचूक हवे आणि जंतूंचा शिरकाव अजिबात नको. परदेशी चलनाची टंचाई असताना प्रत्येक रसायन आयात करणे परवडणारे नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभी रणदिवे आणि त्यांच्या जीवशास्त्र व रसायनशास्त्रातील सहकाऱ्यांनी पोषक माध्यमे आणि त्यासाठी लागणारी द्रव्ये येथेच तयार केली. कर्करोगाची उत्पत्ती, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती या विषयांचे स्वतंत्र विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

त्यांच्या संशोधनाचा गाभा राहिला तो स्तनाचा कर्करोग. या क्षेत्रात तीन धागे आधीच हाती आले होते. पहिला आनुवंशिकतेचा. दुसरा संप्रेरकांचा: फ्रान्समध्ये आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ साली स्त्री-संप्रेरक टोचून नर उंदरांतही स्तनाचा कर्करोग घडवून आणला होता. तिसरा धागा सर्वांत चकित करणारा. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवून दिले, की कर्करोगप्रवण वंशातील पिल्ले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर मोठेपणी त्यांना होणाऱ्या गाठींचे प्रमाण खूपच घटते. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी पिल्लात जात होते. ते काहीतरी विषाणू होते, हे पुढे सिद्ध झाले. रणदिवे यांनी हे तिन्ही धागे एकत्र विणले. वंश, संप्रेरके आणि गाठ निर्माण करणारा विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे, कोणत्या परिस्थितीत ग्रंथी निरोगी राहते आणि कोणत्या परिस्थितीत ती घसरते, याचा त्यांनी उंदरांच्या अनेक पिढ्यांवर अभ्यास केला. स्तनाखेरीज रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हेही त्यांच्या प्रायोगिक कामाचे विषय होते. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध जगात प्रथम त्यांनीच ओळखला, असे अलीकडे बऱ्याच ठिकाणी लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरच्या अनेक पिढ्यांतील स्तनाच्या कर्करोगाची नोंद १८६६ सालीच केली होती. रणदिवे यांचे श्रेय वेगळे आहे आणि ते उसन्या बिरुदावाचूनही मोठे आहे. हा प्रश्न प्रायोगिक पातळीवर तपासण्याची व्यवस्था त्यांनी भारतात निर्माण केली, तेही अशा काळात की जेव्हा येथे जिवंत पेशी नळीत वाढवणे ही नवलाईची बाब होती. माणसातील या आनुवंशिकतेची नेमकी जनुके सापडली ती खूप नंतर, १९९४ आणि १९९५ मध्ये.

उंदरांतील विषाणूसारखा विषाणू माणसातही असेल काय, या प्रश्नाने त्या काळातील संशोधकांना झपाटले होते. कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या मुंबईच्या पारशी समाजातील मातांच्या दुधाचे नमुने त्यासाठी तपासले गेले आणि त्यांत तशा विषाणूसदृश कणांचा शोध घेणारा निबंध १९७१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर त्यावर बरीच चर्चा झाली. मात्र मानवी स्तनाचा कर्करोग अशा विषाणूने होतो, याचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि स्तनपानातून कर्करोग होत नाही. उलट, स्तनपानामुळे आईचा धोका काहीसा कमीच होतो.

संप्रेरकांचा धागा मात्र माणसातही पक्का ठरला. तरुण मुलींमधील साध्या गाठींचा संबंधही त्याच धाग्याशी आहे. फायब्रोअडेनोमा गरोदरपणात वाढू शकते आणि पाळी गेल्यानंतर बहुधा आक्रसते. पाळीच्या आधी स्तन जड होणे, गुठळ्या जाणवणे, दुखणे आणि पाळी आल्यावर ते ओसरणे, हाही संप्रेरकांचाच खेळ. साध्या गाठीतून पुढे कर्करोग होतो काय, ही प्रत्येक मुलीच्या आणि तिच्या आईच्या मनातील भीती. अमेरिकेत डुपाँ आणि पेज या संशोधकांनी साध्या गाठीचे निदान झालेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा पुढील कित्येक वर्षांचा मागोवा घेतला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे ७० टक्के स्त्रियांना कर्करोगाचा वाढीव धोका मुळीच नव्हता. केवळ ज्या थोड्या स्त्रियांच्या काचपट्टीवर पेशींची विपरीत स्वरूपाची वाढ दिसली होती, त्यांचा धोका सुमारे पाचपट होता. निरोगी आणि घातक यांच्या मधला हा जो पट्टा, त्याचेच उंदरांतील रूप परळच्या प्रयोगशाळेत दशकानुदशके तपासले जात होते.

कुष्ठरोगाचा विषय खानोलकरांकडून त्यांच्याकडे आला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही वैद्यकशास्त्राची जुनी अडचण. रुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू ऊतिसंवर्धनाच्या तंत्राने वाढवण्यात १९५८ साली या केंद्राला यश आले. डॉ. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांचे हे काम. हा जंतू कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याचा नातलग असल्याचे नंतर मानले गेले. तथापि त्यापासून लस तयार झाली आणि तिच्या चाचण्या महाराष्ट्रात व दक्षिण भारतात घेण्यात आल्या.

सन्मान येत गेले. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार १९६४ साली त्यांना मिळाला. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही लाभला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. चार वर्षे प्रभारीच, याकडे कोणाचेही लक्ष जाईल. १९८२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले.

पाळणाघर आणि पोषण

संशोधनाबाहेरचे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे भारतीय महिला वैज्ञानिक संघटना. १९७३ साली रणदिवे आणि त्यांच्या अकरा सहकारी महिलांनी ती स्थापन केली. प्रयोगशाळेत मुली येतात, पण विवाह आणि मुले झाल्यावर त्यांतील अनेक जणी दिसेनाशा होतात, हे या पिढीने जवळून पाहिले होते. संघटनेने भाषणांवर भर न देता गरजेच्या गोष्टी उभ्या केल्या. वाशी येथील संघटनेच्या वास्तूत नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर आहे. वैज्ञानिक महिलांच्या संघटनेने पाळणाघर चालवावे, यात काहींना विसंगती वाटेल. मूल सांभाळणारे कोणी नसेल तर सूक्ष्मदर्शकापाशी बसायचे कसे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ती वाटणार नाही.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या सोबतीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. ग्रामीण महिलांना आरोग्याविषयी माहिती देण्याचे कामही महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत त्यांनी हाती घेतले. सह्याद्रीच्या कुशीतील त्या वाड्या-वस्त्यांवर प्रयोगशाळा नव्हती. ज्या स्त्रिया स्वतःचा ताप आणि खोकला अंगावर काढतात, त्या छातीतील गाठीविषयी डॉक्टरांशी बोलतील, ही अपेक्षाच व्यर्थ. कर्करोगाची लक्षणे समजावून सांगण्याआधी बाईला स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याची सवय व्हावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी तिच्या दारापर्यंत जावे लागते.

शहरातील परिस्थिती तुलनेने बरी असली, तरी संकोच सरलेला नाही. कर्करोगाच्या नोंदी ठेवणारी देशातील पहिली व्यवस्था मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि पुण्यात ती १९७३ पासून आहे. या नोंदींतून दिसते ते असे, की शहरी महिलांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले आणि स्तनाच्या कर्करोगाने त्याला मागे टाकले. आज तो देशातील महिलांचा सर्वांत मोठा कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो येथे सरासरी कमी वयात आढळतो. त्यामुळे वय लहान आहे, गाठ साधीच असणार, असे म्हणून तपासणी टाळणेही योग्य नाही आणि गाठ दिसताच ती कापून काढण्याची घाई करणेही योग्य नाही.

निदानाची आजची पद्धत तिहेरी आहे. प्रथम डॉक्टर हाताने तपासतात आणि घरात आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाला हा आजार झाला होता काय, हे विचारतात. मग प्रतिमा-तपासणी. तरुण स्त्रीच्या स्तनातील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून या वयात आधी सोनोग्राफी केली जाते. द्रवाने भरलेली पुटकुळी आणि भरीव गाठ यांतील फरक त्यात लगेच कळतो. तिसरी पायरी सुईची. बारीक सुईने पेशी ओढून घेतल्या जातात, किंवा थोड्या जाड सुईने ऊतीचा लहानसा तुकडा काढला जातो आणि तो विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. सुई टोचल्याने गाठ बिघडते, कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. तिन्ही तपासण्यांचे उत्तर साधी गाठ असे आले, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेची गरज नसते. काही महिन्यांनी पुन्हा तपासून गाठ वाढत नाही ना, एवढे पाहिले जाते. तिन्हींपैकी एक जरी उत्तर जुळत नसेल, तर पुढील तपास केला जातो. मोठी असलेली किंवा झपाट्याने वाढणारी गाठ काढून टाकणे इष्ट असते, कारण दिसायला तशीच पण वेगळ्या जातीची एक गाठ असते आणि सुईच्या तपासणीत या दोन्हींतील फरक नेहमीच उमगत नाही. भूल घेताना आपला स्तन राहील की जाईल हे ठाऊक नसण्याचे दिवस मागे पडले आहेत.

११ एप्रिल २००१ रोजी डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. ज्या संशोधन केंद्रात त्यांनी हयात घालवली, ते १९६६ साली टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले होते. २००२ मध्ये त्याचे संशोधनकार्य परळहून नवी मुंबईत खारघर येथील प्रशस्त संकुलात हलले. २०२१ साली त्यांच्या १०४ व्या जयंतीदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्या चित्रात त्या काचपट्टी निरखून पाहत आहेत.